सभा गेली, तक्रार क्रमांक आला

लखनौतील जुन्या पिढीच्या माणसाला विमान पकडायचे असेल, तर तो रिक्षावाल्याला आजही 'अमौसी' एवढेच सांगतो. विमानतळाला चौधरी चरणसिंह यांचे नाव मिळून बराच काळ लोटला. मार्च २०१९ मध्ये मेट्रो थेट विमानतळापर्यंत आली आणि मार्च २०२४ मध्ये तेथे भव्य नवे टर्मिनल उघडले. मात्र ज्या गावाच्या नावाने हा विमानतळ इतकी वर्षे ओळखला गेला, त्या बाजूला मेट्रोच्या अमौसी स्थानकावर उतरून आणि कानपूर रस्ता सोडून आत वळावे. शहर नावाची गोष्ट शे-दोनशे पावलांत विरळ होत जाते. कोणत्याही वाढत्या शहराच्या कडेला ऐकू येते तीच यादी येथेही ऐकू येते. पावसात तुंबणारी गल्ली, मध्येच संपणारी नाली, दिवा नसलेला खांब, दिवसाआड येणारी कचरागाडी. या यादीच्या शेवटी लोक आवाज खाली आणून एक प्रश्न विचारतात: मग घरपट्टी कशाची?

हा प्रश्न कर चुकवू पाहणाऱ्यांची सबब म्हणून झटकून टाकण्याची सवय प्रशासनाला आहे. मी स्वतः त्या प्रशासनात आयुष्य काढले असल्याने ही सवय मला चांगली परिचित आहे. पण लखनौच्या कडेवरील या लोकांचा प्रश्न कायद्यानेच उभा केलेला आहे, आणि त्याचे उत्तर कोणी व कोठे द्यायचे, हे मात्र कायदा सांगत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने लखनौ महापालिकेची हद्द वाढवून तीत भोवतालची ८८ गावे घेतली. सरोजिनीनगरच्या, म्हणजे अमौसीच्या बाजूचीही अनेक गावे त्यात होती. एका अधिसूचनेने ग्रामपंचायती संपल्या आणि गावकरी नागरिक झाले. पुढे प्रभागांची फेररचना झाली, मे २०२३ मध्ये निवडणूकही झाली. प्रभागांची संख्या मात्र पूर्वी ११० होती, ती ११०च राहिली. २०११च्या जनगणनेनुसार जुन्या हद्दीतच अठ्ठावीस लाखांहून अधिक लोक होते, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानेही एका नगरसेवकामागे पंचवीस हजारांवर माणसे येत होती. आता त्यांत ८८ गावांची भर पडली. ज्या गावाला कालपर्यंत स्वतःचा प्रधान आणि स्वतःचे पंच होते, त्याच्या वाट्याला आता एका नगरसेवकाचा एक तुकडा येतो.

प्रतिनिधी कमी झाले, यापेक्षा मोठे नुकसान दुसरेच आहे. त्याची चर्चा मी कोठेही ऐकलेली नाही. गावात राहणारा प्रत्येक मतदार राज्यघटनेनुसार ग्रामसभेचा सदस्य असतो. त्यासाठी त्याला निवडून यावे लागत नाही, कोणाचे पत्र आणावे लागत नाही. उत्तर प्रदेशच्या १९४७च्या पंचायत राज कायद्याने ग्रामसभेच्या वर्षातून दोन बैठका सांगितल्या आहेत, एक खरिपाच्या कापणीनंतर आणि दुसरी रबीच्या. कायदा लिहिणाऱ्याला शेतकऱ्याच्या सवडीची जाण होती, हे त्यावरून दिसते. या बैठका नेहमी नेमाने होत असत असा माझा दावा नाही. नोंदवहीवर घरोघर फिरून अंगठे घेतलेल्या सभा मी पाहिल्या आहेत, आणि अशा नोंदवह्यांवर तपासणीची सही करणाऱ्यांत मीही होतो. तरीही तो हक्क कागदावर जिवंत होता. एखादा हट्टी माणूस उभा राहून 'हा खर्च कोठे झाला?' असे विचारू शकत असे आणि विचारतही असे. गाव शहरात गेले त्या दिवशी तो हक्क संपला. त्याच्या बदल्यात त्या माणसाला मोबाइलवर येणारा तक्रार क्रमांक मिळाला.

उत्तर प्रदेशच्या १९५९च्या महापालिका कायद्यात, मालमत्तांना सामान्य करातून सूट देणाऱ्या १७७व्या कलमात, हद्दवाढीने आलेल्या भागांसाठी एक तरतूद आहे. तिचा आशय असा की, नव्याने समाविष्ट झालेल्या क्षेत्रातील निवासी इमारतींवर दहा वर्षांपर्यंत, किंवा तेथे रस्ता, पिण्याचे पाणी आणि पथदिवे या सुविधा पुरवल्या जाईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, हा कर लागू होत नाही. ही तरतूद न्याय्य आहे. शहराने आधी द्यावे आणि मग मागावे, एवढे साधे तत्त्व तिने मान्य केले आहे. देशात अशा तरतुदी फार नाहीत.

पण 'सुविधा पुरवल्या' असे ठरवायचे कोणी? गावाच्या तोंडाशी डांबराची पट्टी आली म्हणजे रस्ता आला काय? मुख्य वाटेवर चार दिवे लागले आणि आतल्या सात गल्ल्या अंधारात राहिल्या, तर पथदिवे पोहोचले असे मानायचे काय? जलवाहिनी टाकली, पण तिला पाणी नाही, याचे काय? कायद्यात याची व्याख्या नाही, आणि ठरवण्याची पद्धतही सांगितलेली नाही. व्यवहारात हे कर विभागाच्या टेबलावर ठरते, म्हणजे ज्याला कर हवा आहे तोच सुविधा पोहोचल्याचा दाखला देतो. रहिवाशाला हे कळते ते थेट नोटीस हाती पडल्यावर. शिवाय त्या यादीत तीनच गोष्टी आहेत. गटार तीत नाही, कचरा उचलणे नाही. लखनौच्या कडेवरील माणसाचा पावसाळा ज्या एका गोष्टीने नासतो, ती सांडपाण्याची वाट कायद्याच्या दृष्टीने सुविधाच नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला हे सारे परके वाटणार नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. तिकडचा कायदा सुविधांची अट घालत नाही. तो पंचांगाकडे पाहतो. पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या दराने कर, मग दरवर्षी एक एक पायरी वर, आणि काही वर्षांत शहराचा पूर्ण दर. नळ आला की नाही, याच्याशी त्या पायऱ्यांचा संबंध नाही. त्यांतील उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी तर पुण्याचा कचरा कैक वर्षे आपल्या उशाशी सांभाळला. घरपट्टीची बिले वाढू लागली तेव्हा तेथील लोकांनी शहरातून बाहेर पडण्याचीच मागणी केली. ती मान्य झाली आणि २०२४ मध्ये दोन्ही गावांची वेगळी नगरपरिषद झाली. कल्याण-डोंबिवलीच्या कडेच्या २७ गावांची कथा आणखी लांबची. ती गावे १९८३ मध्ये आत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली, आणि त्यांतील १८ गावे २०२० मध्ये वगळण्याचा निर्णय उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. लोकांना बोलण्यासाठी आतली जागा उरली नाही, की ते दार ठोठावतात ते बाहेर पडण्याचे.

अमौसीच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. एकाच जमिनीवर येथे किती मालकांची सत्ता चालते, याची मोजदाद करावी. सफाई आणि दिवे महापालिकेचे. बांधकामाचा नकाशा विकास प्राधिकरणाचा. अमौसी आणि नादरगंजच्या कारखान्यांची वसाहत राज्याच्या औद्योगिक विकास प्राधिकरणाची, म्हणजे महाराष्ट्रातील एमआयडीसीच्या भावंडाची. कानपूर रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा, रूळ रेल्वेचे, मेट्रो तिच्या महामंडळाची. विमानतळाच्या भिंतीपासून पुढचा अंमल विमान वाहतूक मंत्रालयाच्या नियमांचा. पावसाचे पाणी मात्र या हद्दी ओळखत नाही. कारखान्याच्या मागे साचलेले पाणी वस्तीत शिरले, तर दोष कोणाचा, हे ठरेपर्यंत पावसाळा सरतो. गाव असताना जिल्हा पंचायतीने मंजूर केलेला नकाशा घेऊन माणूस घर बांधतो आणि काही वर्षांनी दुसरे प्राधिकरण तेच घर अनधिकृत ठरवते. अशी भांडणे उत्तर प्रदेशातील बहुतेक वाढत्या शहरांत चालू आहेत.

नियम पोहोचायला येथे वेळ लागत नाही. विमानांच्या सुरक्षिततेसाठी २०१५ मध्ये केंद्राने इमारतींच्या उंचीचे नियम केले. त्यांनुसार विमानतळाभोवतीच्या प्रदेशाचा रंगांत विभागलेला नकाशा तयार होतो आणि कोणत्या चौकोनात किती उंच बांधता येईल, हे ठरते. मुंबईत विलेपार्ले-कुर्ला भागात 'फनेल झोन' हा शब्द उच्चारला, की जुन्या इमारतींतील रहिवासी सुस्कारा सोडतात, तोच हा विषय. असे नियम आवश्यकच आहेत, याबद्दल वाद नाही. दुसरा नियम अधिक जुना आहे. १९३७च्या विमान नियमांतील ९१व्या नियमाने विमानतळापासून दहा किलोमीटरच्या परिघात उघड्यावर जनावर कापणे आणि कचरा टाकणे या दोन्ही गोष्टींना मनाई केली, कारण त्यामुळे गिधाडे-घारी जमतात आणि पक्षी विमानावर आदळतात. हा नियम चांगल्या अर्थाने वाचला, तर अमौसीच्या गल्लीतील कचऱ्याचा ढीग वेळेवर उचलणे हे विमान-सुरक्षेचे काम ठरते, आणि ते न करणे हा नियमभंग. प्रत्यक्षात या नियमाची आठवण मांसाच्या टपरीला नोटीस बजावताना होते. ढीग न उचलणाऱ्या यंत्रणेला याच नियमाखाली कोणी जाब विचारला, तर तो दिवस मला पाहायचा आहे.

तक्रारींसाठी जागा नाही असे मात्र म्हणता येणार नाही. उत्तर प्रदेशात जनसुनवाईचे संकेतस्थळ आहे, मुख्यमंत्र्यांची १०७६ क्रमांकाची हेल्पलाइन आहे, महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी तहसिलीत 'संपूर्ण समाधान दिवस' भरतो. यामागील हेतूवर मी शंका घेत नाही. यांतून खरोखर सुटलेली प्रकरणे मला माहीत आहेत, विशेषतः निवृत्तिवेतन, शिधापत्रिका, दाखले यांची. जेथे एका माणसाचा एक कागद अडलेला असतो, तेथे ही व्यवस्था उपयोगी पडते. जेथे गल्लीचे, मोहल्ल्याचे, सर्वांचे मिळून काही अडलेले असते, तेथे ती लंगडी पडते. अर्ज वरून खाली येत येत नेमका त्याच कनिष्ठ अभियंत्याकडे पोहोचतो, ज्याच्या कामाबद्दल तो केलेला असतो. तो अहवाल लिहितो, अहवाल वर जातो आणि तक्रार निकाली निघते. हिंदीत यासाठी 'निस्तारण' असा भारदस्त शब्द आहे. मराठीतील 'निकाली काढणे' अधिक प्रामाणिक; त्यात काय काढले गेले ते ऐकू तरी येते.

सेवेच्या सुरुवातीला एका जिल्ह्यात अशाच सुनावणीला मी बसलो होतो. एक वृद्ध गृहस्थ पिशवीतून कागदांची चळत काढून समोर ठेवीत. विषय एक नाली. त्यांनी त्याच नालीसाठी आठ वेळा अर्ज केला होता, आणि आठही वेळा तो निकाली निघाला होता. एकदा 'निधी उपलब्ध नाही' म्हणून, दोनदा 'प्रकरण अन्य विभागाशी संबंधित' म्हणून, एकदा 'अर्जदार पाहणीच्या वेळी अनुपस्थित' म्हणून. आमच्या तक्त्यात त्या नालीने आठ यशस्वी निकालांची भर घातली होती. नववा निकाल मी दिला. नाली माझी बदली होईपर्यंत झाली नव्हती. त्यांना एवढेच हवे होते, की त्या चारही विभागांची माणसे एकदा, एकाच वेळी, त्या नालीच्या काठी उभी राहावीत. अशा भेटीसाठी आमच्याकडे रकाना नव्हता.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला बनारसची आठवण होते. १८१० मध्ये कंपनी सरकारने घरांवर कर बसवला. त्या डिसेंबरात बनारसच्या लोकांनी दुकाने बंद केली, घरेदारे सोडली आणि हजारोंच्या संख्येने ते शहराबाहेर उघड्यावर जाऊन बसले. धर्मपाल यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यावेळचा सरकारी पत्रव्यवहारच दिला आहे. त्यात कलेक्टरांची घालमेल पाहण्यासारखी आहे. लोक शस्त्र उचलत नव्हते, फक्त बसून होते आणि ऐकून घ्या म्हणत होते. सरकारला तो कर अखेर मागे घ्यावा लागला. सहा वर्षांनी बरेलीत चौकीदारी करावरून असाच असंतोष पेटला, तेथे ऐकून घेणे झाले नाही आणि शेकडो माणसे मारली गेली. खुद्द लखनौत १८५७ नंतर इंग्रजांनी दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, पाडापाडी केली, आणि नव्या व्यवस्थेचा खर्च नगरपालिकेच्या करांतून लखनौकरांकडूनच वसूल केला. वीणा तलवार ओल्डनबर्ग यांनी १९८४च्या आपल्या ग्रंथात हे सविस्तर दाखवले आहे. शहर आधी सुरक्षित हवे, स्वच्छ हवे, आणि त्याने पैसे द्यावेत, हा त्या राजवटीचा क्रम होता. मे १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, तेव्हा लोकांना कारभाराचे शिक्षण मिळावे हा हेतू त्याने उघड मांडला. त्यानंतरच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत मतदार वाढले, अधिकारी वाढले, करांचे प्रकार वाढले. नगरवासीयाने कारभाऱ्यासमोर बसून बोलण्याची नियमित, नोंद होणारी जागा मात्र तेवढी वाढली नाही.

महापालिकेची बाजूही खरी आहे. कराशिवाय रस्ता होत नाही, हे रहिवाशांनाही कळते. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला मालमत्ता कराच्या किमान दरांची आणि त्याच्या वाढत्या वसुलीची अट घातल्यापासून आयुक्तांवर दडपण आहे. हद्दीलगतच्या अनेक जमीनधारकांनी भूखंड पाडून विकताना नालीला आणि रस्त्याला जागाच सोडली नाही, आणि तो पैसा घेऊन ते केव्हाच शहराच्या चांगल्या भागात राहायला गेले. त्यांची चूक आता शेवटच्या घेणाऱ्याच्या उंबऱ्यापाशी तुंबते. दहा वर्षे कर नको म्हणणारा माणूस दहा वर्षे नालीही मागू शकत नाही, असे एका तरुण अधिकाऱ्याने मला चिडून सांगितले. त्याचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही. पण ग्राहकाने आधी पैसे भरून मालाची वाट पाहायची असेल, तर निदान माल कधी येणार हे विचारायला एखादे दुकान उघडे हवे.

राज्यघटनेने ते दुकान सांगून ठेवले आहे. १ जून १९९३ रोजी लागू झालेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या. पण त्यांत कोण असावे, हे राज्यांवर सोडले, आणि राज्यांनी तो अवकाश उदारपणे वापरला. कोठे दहा-पंधरा प्रभागांची मिळून एक समिती झाली, कोठे तीत फक्त नगरसेवकच बसले. केरळने छोट्या शहरांत प्रत्येक प्रभागाची सभा ठेवली, हा सन्मान्य अपवाद. २००५ मध्ये नेहरू नागरी नूतनीकरण अभियानाच्या पैशांसाठी केंद्राने क्षेत्रसभांचा कायदा करण्याची अट घातली, तेव्हा महाराष्ट्राने २००९ मध्ये तो केला. आपल्या मोहल्ल्याच्या क्षेत्रसभेला बसलेला माणूस मुंबई-पुण्यात भेटला, तर मला अवश्य कळवावे. मुंबईत तर मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ सभागृहच नव्हते, तेथे क्षेत्रसभेची काय कथा.

नवा कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. लखनौच्या आयुक्तांना आणि महापौरांना एक गोष्ट आजच्या अधिकारांत करता येईल. समाविष्ट झालेल्या प्रत्येक जुन्या गावात वर्षातून दोनदा, पूर्वी ज्या दिवसांत ग्रामसभा भरत असे त्याच दिवसांत, खुली सभा घ्यावी. तीत महापालिका, जलकल, विकास प्राधिकरण, औद्योगिक प्राधिकरण आणि विमानतळ व्यवस्थापन यांच्या प्रत्येकी एका जबाबदार माणसाने हजर राहावे. गल्लीनिहाय तक्ता भिंतीवर लावावा: रस्ता आहे की नाही, नळाला पाणी येते की नाही, दिवा लागतो की नाही, आणि कायद्यात नसला तरी चौथा रकाना नालीचा. तो तक्ता लोकांसमोर भरला जावा, आक्षेपही त्यातच लिहिले जावेत. आणि त्या तक्त्याचा आधार असल्याशिवाय १७७व्या कलमाची सूट संपल्याची नोटीस कोणालाही जाऊ नये. यात खर्च काही नाही. अधिकाऱ्यांची एक सकाळ जाईल, आणि पहिल्या दोन-तीन सभांत त्यांना बरेच ऐकून घ्यावे लागेल.

डिसेंबर २०२९ मध्ये त्या ८८ गावांच्या समावेशाला दहा वर्षे होतील. त्यानंतर सुविधांचा प्रश्न विचारण्याचे कायदेशीर कारणच उरणार नाही. नळ असो वा नसो, सूट संपेल. तोवर खरीप आणि रबीच्या थोड्याच कापण्या शिल्लक आहेत. अमौसीच्या आसपास शेती आता फारशी उरलेली नाही, पण सभेसाठी ते दिवस अजूनही सोयीचे आहेत. तेव्हा पाऊस नसतो, आणि नाली कोठे संपते ते कोरड्या पायांनी जाऊन पाहता येते.